ळुं मावेल एवढी चौकट

महाभूलेखाच्या संकेतस्थळावर पुणे जिल्हा, आंबेगाव तालुका एवढं निवडलं की गावांची यादी उघडते आणि ‘म’च्या रांगेत महाळुंगे पडवळ सापडतं. गाव पुणे-नाशिक रस्त्यापासून आत. तालुक्याचं ठाणं घोडेगाव, बाजार मंचरचा. इतिहासाच्या पुस्तकात या गावाचं नाव येतं ते हुतात्मा बाबू गेनूंमुळे. १९०८ साली इथे जन्मलेला हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि तिच्या चाकाखाली गेला. त्यांच्याविषयी बरंच लिहून झालं आहे. मला लिहायचं आहे ते त्यांच्या गावाच्या नावातल्या तिसऱ्या अक्षराबद्दल: ळुं.

आज मोबाइलवर हे अक्षर कुणी दोनदा बघत नाही. पण साताठ वर्षं अशी होती की संगणक होता, पडदा होता, वीजही असायची, आणि ‘महाळुंगे पडवळ’ या दोन शब्दांना त्या पडद्यावर जागा नव्हती. हे कुणाच्या द्वेषामुळे झालं नव्हतं. पडद्यावर काय उमटावं याचे जे नियम न्यूयॉर्क आणि फ्लोरिडाकडच्या इंजिनिअरांनी ठरवले, त्यात या अक्षराचा हिशोब धरलेलाच नव्हता. सीजीए, ईजीए, व्हीजीए ही पडद्याच्या मानकांची नावं तेव्हाच्या पोरांना खेळांमुळे पाठ होती. किती रंग, किती ठिपके, कोणता गेम कुठे चालतो, एवढाच या नावांचा अर्थ. मराठीच्या बाजूने पाहिलं तर रंगांचा प्रश्न फार पुढचा. आधीचा प्रश्न होता, पडद्यावर काढायला ठिपका मिळतो की नाही.

आयबीएमचा पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आला. पडद्यासाठी त्यात दोन कार्डांपैकी एक घ्यायचं. पहिलं मोनोक्रोम डिस्प्ले अडॅप्टर, म्हणजे एमडीए. हे कचेरीसाठी. हिरव्या पडद्यावर ८० रकाने आणि २५ ओळी, अक्षरं रेखीव, डोळ्यांना सुखाची. दुसरं कलर ग्राफिक्स अडॅप्टर, सीजीए. यात रंग आणि चित्रं. चित्राच्या अवस्थेत ३२० गुणिले २०० ठिपके आणि चार रंग, किंवा ६४० गुणिले २०० आणि दोन रंग.

एमडीएवर मुळात चित्र काढताच येत नसे. कार्डावर चार किलोबाइट स्मृती. ८० गुणिले २५ म्हणजे २००० घरं, आणि प्रत्येक घराला दोन बाइट. एका बाइटात अक्षराचा क्रमांक, दुसऱ्यात ते ठळक की अधोरेखित याची खूण. अक्षराचा आकार कार्डावरच्या चिपमध्ये कायमचा कोरलेला. रबरी शिक्क्यांचा डबा मिळावा तसा हा प्रकार: २५६ शिक्के, त्यातला कोणता कुठे मारायचा एवढंच तुमच्या हातात, नवा शिक्का कोरायची मुभा नाही. असं का केलं, हे आकड्यांत लगेच दिसतं. तोच पडदा ठिपक्याठिपक्याने साठवायचा तर ७२० गुणिले ३५० म्हणजे २,५२,००० ठिपके, एकतीस हजार पाचशे बाइट. त्या वेळी सगळ्यात स्वस्त पीसीची एकूण स्मृती होती १६ किलोबाइट. पडद्यावर ठिपके मांडायला अख्ख्या यंत्राच्या जवळजवळ दुप्पट स्मृती कोण देणार? इंग्रजीला शिक्के पुरत होते. शिक्के दिले.

आता ळुं घेऊ. मी हे अक्षर चौकटीच्या वहीत ठिपक्यांनी भरून पाहिलं. ज्याला हा विषय कळून घ्यायचा आहे त्याने एकदा करून पाहावं. सीजीएच्या अक्षराला आठ बाय आठ ठिपक्यांचं घर मिळे. आठ ओळींपैकी पहिली अनुस्वाराला जाते. दुसरी मोकळी सोडावी लागते, नाहीतर टिंब शिरोरेषेला चिकटतं. तिसरी शिरोरेषा. उरल्या पाच. खालच्या उकाराला वळण द्यायचं तर दोन ओळी तरी हव्यात. म्हणजे ळ ला मिळाल्या तीन. तीन ओळींत ळ ची दोन पोटं काढून पाहा: पोटात मोकळी जागा राहत नाही, दोन काळे गोळे उरतात. शिवाय घराला घर लागून असल्याने खालच्या ओळीतला अनुस्वार वरच्या ओळीतल्या उकारात घुसतो. बी आणि क्यू काढायला आठ ठिपके रग्गड झाले. आपल्याला तीन मजले लागतात, आणि ते लागतात हे हाताने खिळे जुळवणाऱ्या गिरगावातल्या कंपोझिटरला कुणी सांगायची गरज नव्हती. निर्णयसागर छापखान्याच्या काळापासून मराठी मुद्रणाचं निम्मं कसब वरच्या-खालच्या मात्रांना जागा करून देण्यातच गेलं आहे. बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंड लिहिले ते उगाच नव्हे.

एमडीएचं घर मोठं होतं, नऊ बाय चौदा. चौदा ओळींत ळुं व्यवस्थित बसतो. दोन ओळी टिंबाला, एक मोकळी, एक शिरोरेषा, सहा ळ ला, तीन उकाराला आणि एक खालची फट. माप अगदी आपल्यासाठी घेतल्यासारखं. पण तिथे शिक्केच कोरून ठेवलेले! म्हणजे ज्या कार्डावर ठिपके मोकळे होते तिथे अक्षराला उंची नव्हती, आणि ज्यावर उंची होती तिथे ठिपके बंद. सीजीएच्या मोकळ्या ठिपक्यांत सोळा ओळींची ऐसपैस अक्षरं काढता येत, नाही असं नाही. मग पडद्यावर बाराच ओळी मावत आणि हिशोबाचं पान चार वेळा सरकवावं लागे.

एमडीएमधली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. घर नऊ ठिपके रुंद, पण कोरलेला शिक्का आठच ठिपक्यांचा. नववा ठिपका कार्ड आपोआप कोरा सोडे, म्हणजे इंग्रजी अक्षरांत अंतर राहावं. पण तक्ते आखायच्या रेघांचे शिक्केही होते, आणि त्यांच्यात फट पडली तर चौकट तुटकी दिसते. म्हणून आयबीएमने १९२ ते २२३ या बत्तीस क्रमांकांना सवलत दिली: या शिक्क्यांचा आठवा ठिपका नवव्या जागी पुन्हा उमटवायचा. रेघ सलग राहायला हवी हे त्यांना कळलं होतं, तक्त्याच्या रेघेपुरतं. शिरोरेषा नावाची एक रेघ जगातली कोट्यवधी माणसं रोज ओढतात, तिला मात्र ही सवलत नव्हती. कुणी चिप बदलून आपले शिक्के कोरले असते, तरी त्या बत्तिसांबाहेरच्या प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेवटी तुटलीच असती.

या पेचातून पहिला माणूस सुटला तो मराठी नव्हता, थाई होता. व्हॅन सुवन्नुकुल या विद्यार्थ्याला आपला डॉक्टरेटचा प्रबंध आयबीएमच्या पीसीवर थाई लिपीत लिहायचा होता. थाई लिपीचं दुखणं आपल्याच घराण्यातलं: मूळ व्यंजन, वर स्वरचिन्ह, त्याच्यावर आणखी सुराची खूण, आणि खालीही मात्रा. सीजीएत उंची नाही, एमडीएत ठिपके नाहीत, हे त्यालाही नडलं. त्याने स्वतःच कार्ड केलं. एमडीएच्या हिरव्या पडद्यावर चालणारं, तसाच रेखीव मजकूर दाखवणारं, पण ७२० गुणिले ३४८ ठिपके मोकळे करून देणारं. १९८२ साली हे ‘हर्क्युलिस ग्राफिक्स कार्ड’ म्हणून विकायला आलं. ३५० ऐवजी ३४८ का, याचं उत्तर निव्वळ कारागिरीचं आहे. पडद्याच्या रेषा मोजणाऱ्या मोटोरोलाच्या ६८४५ चिपला एवढ्या रेषा एका दमात मोजता येत नव्हत्या, म्हणून चार-चारचे गट केले. सत्त्याऐंशी चोक तीनशे अठ्ठेचाळीस. दोन रेषा सोडून दिल्या.

लोटस १-२-३ या हिशोबाच्या प्रोग्रामने हर्क्युलिसवर आलेख दाखवायची सोय केली आणि कार्डाची चलती झाली. आयबीएमने न ठरवलेलं हे मानक जगभर नकलांमधून पसरलं. एकरंगी पडदा स्वस्त असल्याने आपल्याकडच्या पीसी-एक्सटींमध्येही ते भरपूर दिसे. पडद्यांच्या इतिहासाच्या पुस्तकांत हर्क्युलिसची गोष्ट एका परिच्छेदात संपवतात. मला ती मध्यवर्ती वाटते. कचेऱ्यांनी आलेखांसाठी उचलून धरलेलं कार्ड मुळात एका लिपीची अडचण सोडवायला जन्मलं होतं.

इथे थोडं विषयांतर. पडद्यावर आकृती काढणं आपल्याकडे पीसीबरोबर आलं असा समज असेल तर तो खरा नाही. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने देशी बनावटीचा पहिला मोठा संगणक उभा केला. १९६० साली तो पूर्ण चालू झाला आणि पुढे त्याचं नाव टिफ्रॅक पडलं. व्हॉल्व्हच्या त्या धुडाला कॅथोड रे नळीचा पडदा जोडलेला होता आणि त्यावर आलेखही निघत आणि अक्षरंही. मानक वगैरे काही नाही. एकच यंत्र, एकच पडदा, ज्यांनी बनवला तेच वापरणारे. मानकाची गरज पडते ती अनोळखी माणसाने केलेला पडदा अनोळखी माणसाच्या प्रोग्रामला जोडायची वेळ येते तेव्हा.

त्याच टाटा संस्थेने पुढे महाळुंग्याच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदला, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी आणि बाकीच्या वाय आकाराच्या तीन हातांवर. पडद्यांच्या मानकांचा या दुर्बिणीशी भलताच संबंध येतो, आणि तो अमेरिकन टीव्हीतून येतो. सीजीएचं घड्याळ १४.३१८ मेगाहर्ट्झचं होतं, कारण ते अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या ३.५८ मेगाहर्ट्झ रंगलहरीच्या बरोबर चौपट. त्याच आकड्याला तीनने भागून पीसीच्या मुख्य चिपचा वेग ठरला, ४.७७ मेगाहर्ट्झ. घरचा टीव्ही पडदा म्हणून जोडता यावा, ही त्यामागची सोय. आपल्याकडे रंगीत टीव्ही १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी आला तो पाल पद्धतीचा. त्यामुळे त्या सोयीचा आपल्याला फायदा शून्य, वेग मात्र त्यांच्या टीव्हीने ठरवलेला. पुढे व्हीजीएने ठिपक्यांचं घड्याळ २५.१७५ मेगाहर्ट्झवर नेलं, त्यातही अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचा तोच १९५३ चा हिशोब लपलेला आहे: सेकंदाला ५९.९४ चित्रं आणि रेषांची वारंवारिता त्यांच्या टीव्हीच्या दुप्पट.

आता असं घड्याळ चालणारं कार्ड आणि त्याला लोंबणारी तार हा छोटा ट्रान्समीटरच असतो, आणि मूळ आकड्याच्या पटीतही तो कुजबुजत राहतो. २५.१७५ ची सहापट १५१.०५ आणि तेरापट ३२७.२७५. जीएमआरटीचे दोन जुने पट्टे १५० आणि ३२५ मेगाहर्ट्झच्या आसपासचे. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला क्षीण तरंग ऐकायला बसावं आणि शेजारच्या टेबलावरच्या पडद्याने कानात बोलावं, असा तो योग. रेडिओ वेधशाळांत संगणकांच्या खोल्या धातूच्या जाळीने मढवतात त्या यासाठी. विषयांतर संपलं.

१९८४ साली आयबीएमने ईजीए आणलं. ६४० गुणिले ३५० ठिपके, चौसष्टांतले सोळा रंग. मराठीच्या दृष्टीने त्यात रंगांपेक्षा मोठी गोष्ट होती ती अशी की शिक्के आता बदलता येऊ लागले. मजकुराच्या अवस्थेतही आपले आकार कार्डाच्या स्मृतीत भरता येत, एका वेळी ५१२ पर्यंत. दुसरे २५६ हवे असतील तर ठळकपणाची खूण सोडून द्यायची, एवढी किंमत. एप्रिल १९८७ मध्ये पीएस/२ यंत्रांबरोबर व्हीजीए आलं: ६४० गुणिले ४८० आणि सोळा रंग, किंवा ३२० गुणिले २०० आणि २५६ रंग. मजकुराचं घर सोळा ओळी उंच झालं. आयबीएमने त्यानंतरही एक्सजीए वगैरे आणलं, पण बाजार तोवर तिच्या हातून निसटला होता. नकला करणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन व्हेसा नावाची संघटना काढली आणि ८०० गुणिले ६०० चा नियम त्यांनीच ठरवला.

पण हे सगळं स्वस्त होऊन घोडेगावापर्यंत पोचायला वर्षं लागणार होती, आणि शिक्के बदलता आले म्हणून देवनागरी सुटतही नव्हती. एकेका अक्षराला एक शिक्का हे गणितच आपल्याला लागू नाही. ‘हुतात्मा’ लिहायचं तर ह आणि उकार एकत्र, ता वेगळा, मग अर्धा त आणि मा. टंकताना क्रम एक, पडद्यावरचा आकार दुसरा. ‘जिल्हा’मध्ये ज आधी उच्चारतो आणि वेलांटी त्याच्या डावीकडे काढतो. नुसत्या ठिपक्यांनी हे जमत नाही. मजकूर वाचून त्याचं अक्षर जुळवणारं काहीतरी मध्ये बसवावं लागतं.

ते काम आयआयटी कानपूरला चाललं होतं. आर. एम. के. सिन्हा यांच्या गटाने देवनागरी चालणारं टर्मिनल करून १९८३ साली दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखवलं. त्या गटातले मोहन तांबे हे काम पुढे नेत राहिले आणि त्यातून जिस्ट निघालं: ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी. नाव लांबलचक आहे, पण त्यातला पहिला शब्द लक्षात ठेवण्यासारखा. १९८८ साली विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुणे विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक सुरू झालं आणि तांबे आपलं जिस्ट घेऊन पुण्याला आले. सी-डॅक म्हटलं की लोकांना परम महासंगणक आठवतो. मंचरच्या बाजारातल्या माणसाच्या आयुष्यात सी-डॅक आधी शिरलं असेल तर ते या कार्डाच्या वाटेने.

जिस्ट कार्ड पीसीच्या खाचेत बसे. त्यातली खुबी अशी: डीबेस, वर्डस्टार, लोटस यांसारखे प्रोग्राम इंग्रजी माणसांनी इंग्रजीसाठी लिहिलेले. ते पडद्याच्या स्मृतीत घराघराने क्रमांक टाकत राहणार. त्यांना हात लावायचा नाही, त्यांना कळूही द्यायचं नाही. कार्डाने ते क्रमांक उचलायचे, १२७ पर्यंतचे असतील तर इंग्रजी, वरचे असतील तर भारतीय लिपी असं ओळखायचं, व्यंजन-मात्रा-हलन्त जुळवून पूर्ण अक्षर बांधायचं आणि ते ठिपक्यांनी पडद्यावर काढायचं. डीबेसला वाटत राही की आपण २००० घरांच्या इंग्रजी पडद्यावर लिहितो आहोत. पडद्यावर मात्र महाळुंगे पडवळ.

यातली खरी गोम मोजणीत होती. ‘महाळुंगे’ साठवायला आठ क्रमांक लागतात: म, ह, काना, ळ, उकार, अनुस्वार, ग, मात्रा. पडद्यावर मात्र काना धरून पाचच उभी घरं भरतात. उकार, अनुस्वार आणि मात्रा खाली-वर जातात. प्रोग्रामच्या हिशोबाने आठ रकाने गेले, डोळ्यांना दिसतात पाच. मग पुढचा रकाना, समजा गट क्रमांक, कुठे सुरू व्हायचा? प्रत्येक ओळीत नाव वेगळं, फरक वेगळा. सरळ मांडलं तर तक्ता वाकडातिकडा झालाच म्हणून समजा. हा मेळ कार्डाने घालायचा, आणि तो घालताना कर्सर कोणत्या अक्षरावर उभा आहे हेही चुकू द्यायचं नाही. ऐंशी रकान्यांची कल्पना ज्यांनी केली त्यांच्या डोक्यात अक्षर आणि घर यांची गाठ पक्की होती. ती गाठ पुण्यात सोडवावी लागली.

कार्डाइतकाच मोलाचा होता त्याच्या पोटातला क्रमांकांचा तक्ता, इस्की. १९८८ मध्ये तो आकाराला आला आणि १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने आयएस १३१९४ म्हणून मंजूर केला. त्यात आकारांना नव्हे, वर्णांना क्रमांक आहेत. अर्धा त, पूर्ण त, त्म मधला त – सगळ्यांना एकच क्रमांक, आकार काय द्यायचा ते कार्ड बघेल. ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्याकडच्या प्रमुख लिप्यांना तोच तक्ता, त्यामुळे एक कळ दाबली की देवनागरीतलं नाव कन्नडमध्ये दिसे. आणि ळ ला त्यात स्वतःचा क्रमांक होता. हिंदीला तो लागत नाही. तक्ता करणाऱ्यांनी दिल्लीपुरतं पाहिलं असतं तर महाळुंगे पडवळला दोनदा मागच्या दाराने यावं लागलं असतं.

या कार्डांना गिऱ्हाईक कोण? सरकार. १९८८-८९ मध्ये केंद्राने जमिनीच्या अभिलेखांचं संगणकीकरण देशातल्या आठ जिल्ह्यांत पथदर्शी म्हणून हाती घेतलं, त्यात महाराष्ट्रातला वर्धा होता. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा: भोगवटादाराचं नाव, गट, आकार, इतर हक्क, पिकं. यातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर माणसं कोर्टात जातात. अशा कागदाला रोमन लिपीत टंकलेली नावं चालली नसती. ‘पडवळ’ रोमन लिपीत लिहून पुन्हा मराठीत आणताना पडवल होणार की पदवल, हे टंकणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणून मला असं वाटतं की महाराष्ट्रात पडद्याच्या मानकांची खरी परीक्षा खेळांत किंवा चित्रांत झालीच नाही. ती तलाठ्याच्या दप्तरात झाली.

सी-डॅकने जिस्टवरून आणखी बरंच केलं. दूरदर्शनच्या चित्रपटांना वेगवेगळ्या भाषांत उपशीर्षकं देणारी लिप्स ही यंत्रणा त्यातलीच. पण कार्डाचे दिवस भरत आले होते. १९९० नंतर व्हीजीए इतकं स्वस्त झालं की प्रत्येक यंत्रात तेच असायचं, आणि त्याच्यावर विंडोज आलं. विंडोजमध्ये मजकुराची घरंच नाहीत; सगळा पडदा ठिपक्यांचा, प्रत्येक अक्षर म्हणजे चित्र. थाई विद्यार्थ्याने ज्यासाठी कार्ड बनवलं ते आता फुकट मिळू लागलं. फाँटची फाइल टाकली की झाली मराठी.

आणि इथेच आपण घसरलो. अक्षर दिसलं म्हणजे मजकूर साठवला गेला, असा समज पसरला. शिवाजी, श्रीलिपी, आकृती, एपीएस अशी घराणी उभी राहिली. पुण्या-मुंबईच्या डीटीपीवाल्यांनी त्यांवर साप्ताहिकं, लग्नपत्रिका, दिवाळी अंक सगळं काढलं, देखणं काढलं. पण बहुतेकांची रीत एकच: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे, आणि ज्याचे तुकडे त्याच्या क्रमाने. ‘जिल्हा’तली वेलांटी इस्कीत ज च्या मागे राहते, इथे दिसते तशी आधी. फाइल दुसऱ्या यंत्रावर नेली आणि तिथे तो फाँट नसला की बाबू गेनूंच्या जागी इंग्रजी अक्षरं, टक्के आणि डॉलरची चिन्हं. शोध चालत नाही, अकारविल्हे लावता येत नाही. सी-डॅकनेही आकारांचा इस्फॉक नावाचा स्वतःचा संकेत केला. आयएसएम हे त्यांचं सॉफ्टवेअर आणि योगेश, सुरेख हे फाँट सरकारी कचेऱ्यांत घट्ट बसले. जुनी परिपत्रकं उघडताना आजही या नावांची आठवण करावी लागते.

याचा दोष डीटीपीवाल्यांवर ढकलणं सोपं आहे. त्यांना उद्याचा अंक छापायचा होता आणि कागदावर इस्की दिसत नाही. पण ज्या राज्यात जिस्ट वाढलं, जिथे वर्णाला क्रमांक द्यायचा आकाराला नाही ही समज पडद्याच्या बाबतीत प्रत्यक्षात उतरली, तिथेच दहाएक वर्षं आकारांना क्रमांक देण्यात गेली, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. जिस्ट कार्डाच्या गरीब हिरव्या पडद्यावर टंकलेला मजकूर हा मजकूर होता. व्हीजीएच्या झकास पडद्यावरचा मजकूर पुष्कळदा चित्रच होता.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली तेव्हा तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली. ल आणि त्याच्यापुढे ळ, हा शेजार आज प्रत्येक मोबाइलमध्ये आहे तो तिथून. पण तक्त्यात असणं वेगळं आणि यंत्राला जुळवता येणं वेगळं. विंडोज २००० मध्ये ते जुळवणारा प्रोग्राम आला आणि त्याच्यासोबत मंगल हा फाँट. तो काढला रघुनाथ कृष्ण जोशी यांनी. र. कृ. हे मुळात सुलेखनकार, जाहिरातीच्या धंद्यातून आयआयटी मुंबईच्या औद्योगिक संकल्पना केंद्रात शिकवायला गेलेले, पुढे मुंबईच्या एनसीएसटीत फाँटवर काम केलेले आणि कवीही. २००८ साली ते गेले. मंगलला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, कागदावर तो पांढुरका आणि अघळपघळ दिसतो. पण तो कागदासाठी नव्हताच. नव्वदीच्या शेवटच्या पडद्यांवर, जिथे अक्षराच्या उंचीला बारा-पंधरा ठिपके मिळत, तिथे रेषा एका ठिपक्याची ठेवून ळ ची दोन्ही पोटं उघडी राखायची हे त्याचं काम, आणि ते त्याने केलं. सुलेखनाच्या बोरूने मोठमोठी अक्षरं घडवणारा माणूस ठिपके मोजत बसला, हे मला त्याच्या सुलेखनाइतकंच थोर वाटतं.

सातबाऱ्याची गोष्ट पुढे सरकत गेली. संगणकावरचे जुने अभिलेख युनिकोडमध्ये आले, ई-फेरफार आला, १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. महाळुंग्याच्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी लागणारा उतारा आता घरबसल्या निघतो. व्हीजीएला डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि पडदे बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून निरोप द्यायचं जाहीर केलं, मुदत २०१५ ची. त्या निळ्या, पंधरा टाचण्यांच्या प्लगने मुदत पाळलेली नाही. कोणत्याही कचेरीच्या प्रोजेक्टरजवळ तो अजून लोंबताना दिसेल.

ठिपक्यांची टंचाई संपली. आता हातातल्या मोबाइलवर एका ळुं ला आयबीएमच्या अख्ख्या घरापेक्षा कितीतरी जास्त ठिपके मिळतात. भांडण उरलं आहे ते ठिपके कोणत्या आकाराने मांडायचे याचं. ‘जिल्हा’ आणि ‘तालुका’ या शब्दांतला ल मराठी शाळेत पाकळ्यांचा शिकवतात, हिंदीत उभ्या दांड्याचा. श चं तसंच, आपला देठाचा. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावा असं राज्य शासनाने २०२२ साली पुन्हा बजावलं. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही ल ना क्रमांक एकच, आणि तेच बरोबर आहे, कारण वर्ण एकच आहे. आकार ठरवतो फाँट, आणि बहुतेक यंत्रांचा आधीपासून बसवलेला फाँट हिंदीच्या वळणाचा. यशोमुद्रासारखे मराठी वळणाचे टंक राज्य मराठी विकास संस्थेने करून घेतले ते यामुळे.

शिवाय एक सोय अशी आहे जी पुष्कळ संकेतस्थळं करणाऱ्यांना माहीतच नसते. आजच्या बऱ्याच चांगल्या फाँटमध्ये दोन्ही वळणांचे ल आणि श भरलेले असतात. मजकूर मराठी आहे असं पानावर नोंदवलेलं असलं की फाँट मराठी वळण काढतो. नोंद नसली किंवा हिंदीची असली की दांड्याचा ल येतो. ही नोंद दोन रोमन अक्षरांची असते, एम आणि आर. पान बनवणाऱ्याने ती सुरुवातीलाच टंकायची असते.